तिघांपैकी दोघांच्या मते मयत

संदर्भ :
१) मेणाचा एक ठोकळा, नखाएवढा.
२) "कर बाबा तुझं ते मारणं आणि उठवणं, पण चारच्या आत."
३) एका संत्र्याची साल.
४) शिशावर ठसा मारायची हातोडी, मूठ झिजलेली.
५) दोनदा वाजून थांबलेला टेलिफोन.
६) बोटाच्या कातडीचा पापुद्रा, कागदाच्या घडीत ठेवलेला.
७) आपल्या कार्यालयाचे शेवटचे पत्र. त्यातली एकच ओळ : "तक्रारीचे निवारण झाले आहे."

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
कर्करुग्ण माहिती जोडणी कक्ष,
तिन्ही इस्पितळांची सामाईक यंत्रणा,
तिसरा मजला, लिफ्टच्या डाव्या हाताला.

विषय : अर्जदाराच्या मोठ्या बहिणीने जगलेले १३१ दिवस नोंदीत परत घेणे, आणि तिच्यासारखेच मयत ठरलेल्या वीस हयात रुग्णांचे क्रमांक येत्या एक तारखेपूर्वी उघडणे, याबाबत.

महोदय,

संदर्भ वर गेले आणि आपण खाली आलात, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. आधीच्या तीन अर्जांत आपण वर होतात. त्या अर्जांचे काय झाले ते आपणास ठाऊकच आहे.

१. अर्जदार जुन्या इस्पितळात बावीस वर्षे रेकॉर्ड कारकून आहे. रेकॉर्डची खोली तळघरात, क्ष-किरण विभागाच्या मागे आहे. तिला एकच खिडकी असून ती जिन्यात उघडते. लोखंडी मांडण्या छतापर्यंत गेल्या आहेत आणि वरच्या दोन कप्प्यांतल्या फाइली काढायला शिडी लागते. शिडीची तिसरी पायरी नाही. हे नवीन माणसाला सांगावे लागते, अर्जदाराचा पाय आपोआप वर पडतो. बावीस वर्षे ज्या खोलीत काढली तिथल्या खोट्याचेही तसेच होते. पाय आपोआप वर पडतो, पायरी नाही याची आठवणसुद्धा राहत नाही. त्याच खोट्याबद्दल हा अर्ज आहे. आधीच्या तीन अर्जांत अर्जदाराने त्याला "नजरचूक" म्हटले होते. ती नजरचूक नव्हती.

२. कर्करोगाच्या रुग्णाची गाठ काढली की तिचा तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. रुग्णाला दुसऱ्या इस्पितळात जायचे असेल तर तिथले डॉक्टर ब्लॉक आणि मूळ कागद हातात पडल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत. जुन्या इस्पितळाचा नियम असा की हयात रुग्णाचा ब्लॉक बाहेर द्यायचा तर समितीची सही लागते. समिती महिन्यातून एकदा बसते आणि बसली तरी तिच्यात एक सभासद कमी असतो. पंचेचाळीस दिवस सहज जातात. मयत रुग्णाचे मात्र तसे नाही. मयताचा ब्लॉक आणि कागद नातेवाइकांना त्याच दिवशी मिळतात, कारण कपाटात जागा होते.

म्हणून अर्जदार सकाळी दहाला रुग्णाच्या नावापुढे "मयत" लिहीत असे. प्रयोगशाळेतून ब्लॉक सुटे, कागद सुटत, नातेवाईक पिशवी घेऊन पुलापलीकडच्या इस्पितळात जात. संध्याकाळी चारला, रजिस्टर बंद व्हायच्या आत, अर्जदार "मयत" खोडून "हयात" लिही आणि शेजारी "नजरचुकीने" असा शेरा मारी. यात कोणाचे कधी काही बिघडले नाही. रजिस्टर खोलीबाहेर जातच नव्हते. नातेवाईक अर्जदाराला "चारवाले" म्हणत. अर्जदाराच्या साहेबांना सगळे माहीत होते. त्यांचे शब्द संदर्भ क्र. २ मध्ये दिलेच आहेत.

३. (या परिच्छेदात जे लिहायचे ते अर्जदाराला इथे लिहिता आले नाही. ते परिच्छेद ८ मध्ये आहे.)

४. नंतर आपली जोडणी आली. प्रशिक्षण इस्पितळाच्या व्याख्यानगृहात झाले. प्रशिक्षकांनी फार चांगले समजावून सांगितले, ते अर्जदाराच्या वहीत आहे. ते म्हणाले, "तुमचे कागद तुमच्याच कपाटात राहणार. एक चिठ्ठीसुद्धा बाहेर जायची नाही. गणितच तुमच्या दारात येईल, विचारेल, उत्तर घेऊन पुढच्या दारात जाईल."

मागच्या बाकावरच्या नर्सबाईंनी विचारले, "म्हणजे जनगणनेच्या मास्तरांसारखं?"

"अगदी तसंच."

तीन इस्पितळांतल्या हजारो रुग्णांवरून हे गणित सांगेल की कोणते औषध कोणाला जगवते आणि कोणाला नाही. सामाईक राहील ती फक्त एक यादी. तीत नाव नाही, पत्ता नाही. रुग्णाचा क्रमांक आणि पुढे एक रकाना : हयात की मयत. ही यादी तिन्ही यंत्रांत असेल आणि रोज दुपारी बाराला तिन्ही यंत्रे ती एकमेकांशी ताडून पाहतील.

मग त्यांनी तो नियम सांगितला. मरण एकाच ठिकाणी येते, म्हणून "मयत" लिहायला एका इस्पितळाचा शब्द पुरेल आणि तो बाकी दोघे मान्य करतील. मेलेला माणूस उठत नाही, म्हणून "मयत" चे "हयात" करायचे असेल तर तिघांपैकी दोघांनी एकाच दिवशी बाराच्या आत तसे लिहिले पाहिजे. एकट्यानेच लिहिले तर पुढचे बारा वाजताच यंत्र ते पुसून टाकेल. दोनविरुद्ध एक.

अर्जदाराने विचारले, "आणि दोघांकडे चुकीचं असलं तर?"

"काका, दोन निरनिराळ्या इस्पितळांत एकच चूक कशी होईल?" प्रशिक्षक हसले. सगळे हसले. अर्जदारही हसला.

अर्जदाराने हे सर्व अक्षरशः उतरवून घेतले. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याने नेहमीप्रमाणे मयत लिहिले आणि चारला हयात केले. अर्जदार इतका बावळट कसा, असे आपणास वाटेल. त्याचे उत्तर एवढेच की आपले मारणे हे मारणे आहे, असे अर्जदाराला कधी वाटलेच नव्हते. तो नियम मेलेल्या माणसांसाठी आहे, असे त्याने धरले.

५. जोडणी सुरू झाली त्या दिवशी स्वागतकक्षात फीत कापली. त्याच दिवशी अर्जदाराच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, ब्लॉक न्यायचा होता. तिला ज्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या त्या फक्त पुलापलीकडच्या इस्पितळात मिळतात.

ताईबद्दल थोडे. ती वजनमापे तपासणीच्या कार्यालयात होती. दुकानदार वजने घेऊन यायचे, ती काट्यावर टाकून बघायची, आणि बरोबर असली तर वजनाच्या पोटातल्या शिशावर त्या वर्षाचा ठसा मारायची. अठ्ठावीस वर्षे मारला. दोन ग्रॅम हलके असलेले वजन तिने "आजच्यापुरते" कधी सोडले नाही. घरीही तिचे तसेच. अर्जदाराने भाकरी मोठी घेतली की म्हणायची, "धाकट्या, ताटावरून डोळा काढ, पोटाला विचार." आई लवकर गेली. अर्जदाराला तिनेच वाढवले.

ही पहिली. तिच्यानंतर पुढच्या सत्याण्णव दिवसांत अर्जदाराने आणखी चाळीस जणांना मयत केले आणि चारला उठवले. सगळेच्या सगळे त्याच पांढऱ्या गोळ्यांसाठी पलीकडे जाणारे. चारनंतर पडद्यावर "हयात" दिसे, अर्जदार घरी जाई. दुसऱ्या दिवशी बाराला यंत्र ते पुसत होते, पण गेलेली फाइल पुन्हा कोण उघडून बघतो?

हे सत्याण्णव दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, कारण पलीकडची औषधाची खिडकी अजून कागदावर चालत होती. ताई गोळ्या घेत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठीचे छायाचित्र काढले, गाठ अर्ध्याच्या आत आली होती. बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही तर बक्षीसच दिलंत आम्हाला." ताई म्हणाली, "मग माझं वजन करा आधी. काटा बघते तुमचा." काटा दीडशे ग्रॅम जास्त दाखवत होता. तो बदलून घ्यायला लावल्यावरच ती घरी आली.

६. अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी औषधाची खिडकी जोडणीवर आली. तिथे झालेले बोलणे ताईने सांगितले तसे :

"मावशी, हा क्रमांक बंद दाखवतोय."

"बंद म्हणजे?"

"मयत."

"कधीपासून?"

खिडकीवाल्याने तारीख सांगितली. ताईने बोटांवर मोजले. "म्हणजे मला जाऊन सत्याण्णव दिवस झाले. आणि इतके दिवस गोळ्या कोण खात होतं रे, तुझा बाप?"

खिडकीवाला म्हणाला, "मावशी, मी फक्त खिडकी आहे."

तिथून ती तडक अर्जदाराच्या खोलीत आली. दार लोटून घेतले. "धाकट्या, मारलंस ते मारलंस. उठवायचं विसरलास?"

"उठवलं होतं, ताई. चार वाजता."

"मग परत कोणी मारलं?"

अर्जदाराने तेव्हा वही काढून प्रशिक्षणाचे पान तिला वाचून दाखवले. वाचता वाचता त्याचे त्यालाच कळले. ताई मांडण्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "आणखी किती?"

अर्जदार म्हणाला, "चाळीस."

७. यानंतरचा पत्रव्यवहार आपल्याच कार्यालयाचा असल्याने थोडक्यात.

पहिला अर्ज : बहीण हयात आहे, नोंद नजरचुकीने झाली आहे. उत्तर : मयत व्यक्तीच्या नोंदीबाबत अर्ज फक्त वारसाला करता येतो, सबब वारस दाखला जोडावा. वारस दाखल्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो. म्हणजे बहीण जिवंत आहे हे सांगण्यासाठी अर्जदाराने आधी तिच्या मृत्यूचा दाखला काढायचा होता. तो मिळेना, कारण ती जिवंत होती. ताईने त्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली होती. आपल्या कार्यालयाने तीवर लाल पेन्सिलने "?" असे केले आहे.

दुसरा अर्ज. उत्तर : व्यक्ती खरोखर हयात असल्यास तिने समक्ष येऊन यंत्रावर अंगठा द्यावा, यंत्राला अंगठा मान्य झाल्यास अन्य कोणाच्या मताची गरज नाही. महोदय, ही सोय चांगली आहे. एकेचाळीसपैकी नऊ जणांनी असे अंगठे दिले आणि ते उठले. पण पांढऱ्या गोळ्यांनी हातापायाची कातडी सोलून निघते. ज्यांना गोळ्या लागू पडतात त्यांची जास्तच निघते, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. ताईची बोटे काचेसारखी गुळगुळीत झाली होती. यंत्रावरच्या माणसाने काच बाहीने पुसली, तिचे बोट ओले केले, कोरडे केले. "आजी, जरा जोरात दाबा."

ताई म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं ठसेच मारले मी, दाबायचं मला शिकवू नकोस. ठसा नाहीये, त्याला जोर काय करणार?"

डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला की औषधामुळे ठसे पुसले गेले आहेत. त्यावर आपले उत्तर : सदर औषध सदर रुग्णास लिहून दिल्याची नोंद आहे, परंतु रुग्ण त्याच दिवशी मयत झाल्याने ते घेतले गेलेले नाही, सबब त्याचा दुष्परिणाम होऊ शकत नाही.

तिसरा अर्ज. उत्तर नाही. तोपर्यंत गोळ्या बंद होऊन तेवीस दिवस झाले होते. ताईला जिना चढता येईना. अर्जदार डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "माझ्या कपाटात गोळ्या असत्या तर खिशात घालून दिल्या असत्या. एकेक गोळी क्रमांकावर निघते, दादा."

८. आता परिच्छेद ३ मधले.

पुलापलीकडच्या इस्पितळातही एक रेकॉर्ड कारकून आहेत. अर्जदाराने त्यांना कधी पाहिले नव्हते, पण फाइलींमुळे पंधरा वर्षांची ओळख. अर्जदार त्यांना "पलीकडच्या बाई" म्हणतो. अर्जदाराने त्यांना सगळे सांगितले आणि विचारले, तिघांपैकी दोघे आपण होऊ का? एकाच दिवशी बाराच्या आत त्यांनी आणि अर्जदाराने "हयात" लिहिले असते तर तिसऱ्या इस्पितळाला मुकाट मान्य करावे लागले असते.

"माझ्या नोकरीवर येईल हो," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "आधी तुमच्या ताईंचा क्रमांक करून बघू. लागू पडलं तर रोज दोन-दोन करत सगळे उठवू. बाराला दहा कमी असताना मी लिहीन आणि फोन दोनदा वाजवून ठेवीन. मग तुम्ही लिहा."

दिवस ठरला. तो एकशे एकतिसावा होता.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ताई गेली. घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत. अर्जदार तिच्याजवळ होता. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "माझे दिवस नीट मोजून घे. एक कमी नको, एक जास्त नको." अर्जदाराला वाटले होते की ती गमतीने म्हणते आहे.

दाखल्यासाठी फाइलचा क्रमांक हवा म्हणून घरी आलेल्या डॉक्टरांनी अर्जदाराला इस्पितळात पाठवले. अर्जदार साडेअकराला खोलीत पोचला. यंत्र सुरू केले. ताईचा क्रमांक काढला. पुढे "मयत". बाराला दहा कमी असताना टेलिफोन दोनदा वाजला आणि थांबला.

पलीकडच्या बाईंना काही माहीत नव्हते. त्यांनी त्यांच्या बाजूने ताईला उठवले होते. अर्जदाराचे बोट कळीवर होते. दाबले असते तर ताई बाराला तिन्ही यंत्रांत हयात झाली असती, आणि मग तिचा खरा मृत्यू खऱ्या तारखेला लिहिता आला असता. फक्त दहा मिनिटे एक खोटे सोसायचे होते. अर्जदाराने बावीस वर्षे रोज सहा-सहा तासांचे खोटे सोसले होते.

पण ताई अजून खुर्चीतच होती. शेजारीण तिच्या हनुवटीला फडके बांधत होती. अशा वेळी त्या रकान्यात "हयात" लिहायला अर्जदाराचा हात होईना. दोन ग्रॅमसुद्धा जिने सोडले नाहीत, तिच्या नावापुढे आज खोटे लिहायचे नाही, असे त्याला वाटले. त्याने बोट काढून घेतले. बारा वाजले. याद्या ताडल्या गेल्या. दोनविरुद्ध एक. पलीकडच्या बाईंचे "हयात" पुसले गेले.

त्या रकान्यातला शब्द त्या दिवशी पहिल्यांदा खरा होता. फक्त शेजारची तारीख एकशे एकतीस दिवस आधीची होती.

९. अर्जदाराने आयुष्यात एकदाच खरेपणा केला, त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे.

चार दिवसांनी आपले पत्र आले. रुग्ण मयत असल्याचे निष्पन्न झाल्याने नोंद बरोबर ठरते, तारखेतील फरक किरकोळ आहे, तक्रारीचे निवारण झाले आहे. म्हणजे अर्जदाराची बहीण मरेपर्यंत तक्रार उभी होती आणि ती मेल्याने मिटली. महोदय, असे निवारण होणार हे आपण पहिल्याच पत्रात कळवले असते तर अर्जदाराने दुसरे-तिसरे लिहिण्याचे कष्ट आपणास दिले नसते.

त्याच आठवड्यात परिपत्रक आले. पुलापलीकडच्या इस्पितळातून एका मयत रुग्णास हयात करण्याचा एकतर्फी प्रयत्न झाल्याचे आढळले असून यापुढे तो रकाना हाताने बदलता येणार नाही. निवारण झालेले आणि मयत असलेले सर्व क्रमांक फक्त समन्वय अधिकाऱ्यांच्या सहीने उघडतील. पलीकडच्या बाईंची बदली चादरींच्या कोठीत झाली. त्यांनी एकदाच फोन केला.

"दादा, मी दोनदा वाजवला होता. तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो."

त्यांनी फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

अर्जदाराने कळ दाबली असती तर दोघांच्या मताची वाट उघडी राहिली असती आणि बाकीचे रोज दोन-दोन करत उठले असते. ताईसाठी खरे राहायला गेलो आणि जिवंत असलेल्यांवर दार लावून आलो, हे अर्जदाराला आपल्या परिपत्रकाने समजले.

१०. एकेचाळीसपैकी नऊ अंगठ्याने उठले. ताई धरून बारा जण या काळात खरोखर गेले. त्यांच्या खऱ्या तारखा अर्जदाराने घरोघर जाऊन आणल्या आहेत. उरले वीस. ते हयात आहेत आणि त्यांना गोळ्या मिळत नाहीत.

त्यांतल्या एक बाई शिवणकाम करतात. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बाकावर बसून म्हणाल्या, "भाऊ, सुई बोटं ओळखत नाही म्हणून माझं काम चाललंय. तुमचं यंत्र ओळखतं म्हणून अडलंय. चारवाले तुम्हीच ना?"

अर्जदार हो म्हणाला.

"मग मी चारला येत जाते. उठवलंत की घरी जाईन."

त्या रोज येतात. पावणेचारला बाकावर बसतात, पिशवीतून कुणाचा तरी सदरा काढून त्याची काजे शिवत बसतात. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले की दाराकडे बघतात. अर्जदार नाही म्हणून मान हलवतो. त्या दोरा तोडतात, सदरा घडी घालून ठेवतात आणि जातात. गेल्या आठवड्यात त्यांना जिन्याशी दोनदा थांबावे लागले. काल एकदाच थांबल्या, पण फार वेळ. संदर्भ क्र. ६ मधला पापुद्रा त्यांच्या अंगठ्याचा आहे. "लागला कुठे तर असू द्या," म्हणून त्यांनीच दिला. तो कुठे लावायचा हे अर्जदाराला माहीत नाही. आपणास माहीत असल्यास कळवावे.

११. आणि आता गणित. आपल्या गणिताने तीन इस्पितळांच्या दारांतून फिरून या तिमाहीचे उत्तर काढले आहे. त्याला असे दिसले की जुन्या इस्पितळातून आलेल्या एकेचाळीस रुग्णांना पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि अंगठ्याने उठलेले नऊ सोडून बाकीचे बत्तीस त्याच दिवशी मेले. गणिताची यात काही चूक नाही. ते दारात आले, त्याने विचारले, अर्जदाराच्या खोलीने उत्तर दिले. येत्या एक तारखेला जोडणीची समिती या उत्तरावरून पांढऱ्या गोळ्या तिन्ही इस्पितळांतून काढून टाकणार आहे. म्हणजे वीस जणांनाच नव्हे, उद्या येणाऱ्यांनाही त्या मिळणार नाहीत.

आपल्याच एका पत्रात म्हटले आहे की ताईने गोळ्या घेतल्याच नाहीत. आपल्याच दुसऱ्या पत्रात म्हटले आहे की गोळ्यांनी तिला त्याच दिवशी मारले. दोन्ही पत्रांवर एकच शिक्का आहे. आणि तिसरे पत्र जुन्या इस्पितळाच्या अभिनंदनाचे आहे : "आपल्या अचूक व तत्पर नोंदींमुळे एक घातक औषध वेळीच ओळखता आले." साहेबांनी ते काचेत लावून रेकॉर्डच्या खोलीत टांगले आहे. घड्याळाच्या शेजारी.

अर्जदाराने साहेबांना हे सर्व समजावून सांगितले. साहेब म्हणाले, "अरे, पण मी चारच्या आत म्हटलं होतं ना?"

१२. सबब विनंती.

वीस हयात रुग्णांचे क्रमांक उघडावेत. यादी जोडली आहे. ती अर्जदाराने हाताने लिहिली आहे, कारण यंत्र ती लिहू देत नाही. त्यांत सर्वांत आधी शिवणकाम करणाऱ्या बाईंचा क्रमांक उघडावा, ही पंगतीत घुसल्यासारखी विनंती आहे, पण त्यांचा जिना अर्जदाराला दिसतो, बाकीच्यांचा दिसत नाही.

बारा मयतांच्या तारखा खऱ्या कराव्यात. ताईच्या बाबतीत सत्याण्णव दिवस गोळ्यांसह आणि चौतीस दिवस गोळ्यांविना, असे वेगवेगळे लिहावे. पहिल्या दिवसांत गाठ अर्ध्याच्या आत आली आणि नंतरच्या दिवसांत ताई गेली. आपल्या गणिताला यातून जे कळायचे ते कळेल. अर्जदाराच्या घरात हे कळलेले आहे.

अर्जदाराविरुद्ध जी करायची ती कारवाई करावी. एकेचाळीस वेळा खोटी नोंद, आणि जोडणीच्या आधीची बावीस वर्षांची वेगळी, ती मोजलेली नाही. कारवाईसाठी अर्जदार हयात असणे आवश्यक असल्यास त्याचा अंगठा शाबूत आहे. पलीकडच्या बाईंना चादरींतून परत आणावे. त्यांनी अर्जदाराच्या शब्दावर लिहिले.

आणि क्रमांक उघडता येत नसतील, सही करायला आपणास वेळ नसेल, तर एवढे तरी करावे की एक तारखेपर्यंत रोज दुपारी चारला आपण स्वतः खाली येऊन त्या बाकाशेजारी उभे राहावे आणि त्या बाईंनी दाराकडे पाहिले की अर्जदाराऐवजी आपण मान हलवावी. अर्जदाराची मान आता हलत नाही.

ज्याच्या शब्दावर तीन यंत्रांनी विश्वास ठेवला असा,

(सही)
रेकॉर्ड कारकून, जुने इस्पितळ
नात्याने : धाकटा भाऊ

दिनांक : बहीण गेल्यापासून बाविसावा दिवस. आपल्या नोंदीप्रमाणे एकशे त्रेपन्नावा.

सोबत :
अ) वीस हयात रुग्णांची यादी, हस्तलिखित.
आ) बारा मयतांच्या खऱ्या तारखा, घरच्यांच्या सह्यांसह.
इ) डॉक्टरीणबाईंचा दाखला व गाठीची दोन छायाचित्रे.
ई) प्रशिक्षणाच्या वहीचे पान. "एकच चूक कशी होईल" ही ओळ अर्जदाराने अधोरेखित केली आहे.
उ) अभिनंदनपत्र, काचेसकट. साहेब रजेवर असताना काढले.
ऊ) कागदाच्या घडीत पापुद्रा. कृपया परत करावा.

जोडणी सुरू झाली त्या दिवशी दुपारी बाराला, तिन्ही याद्यांत ताई मयत झाली तेव्हा, ती अर्जदाराच्या खुर्चीवर बसून संत्रे सोलत होती. साल एकसंध निघाली.